माउस माणसासारखा हलवणारा प्रोग्राम: तो चालतो कसा आणि पकडला जातो कसा

'मी रोबोट नाही' लिहिलेला तो चौकोन आपण सगळ्यांनीच कधी ना कधी टिक केलाय. आणि टिक करताना मनात येतंच की च्यायला, रोबोटला काय टिक करता येत नाही का? येतं की. एक क्लिक करणं हे तर कॉम्प्युटरसाठी सगळ्यात सोपं काम. मग त्या टिकमधून समोरच्याला कळतं काय? गूगलने डिसेंबर २०१४ मध्ये हा चौकोन आणला तेव्हाच सांगितलं होतं की क्लिकच्या आधी, क्लिक करताना आणि त्यानंतर तुम्ही कसे वागता ते सगळं मिळून बघितलं जातं. त्या वागण्यातला एक भाग म्हणजे माउस तिथपर्यंत कसा आला, आणि जिथे तपासणारा आला तिथे चकवणारा आलाच, त्यामुळे माउस अगदी माणसासारखा हलवून देणाऱ्या लायब्ऱ्या आज फुकटात मिळतात, दोन ओळी लिहिल्या की काम सुरू.

बॉट, म्हणजे माणसाच्या जागी आपोआप काम करणारा प्रोग्राम, हा शब्द तर आता घराघरात पोचलाय, कारण जून २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयानेच सांगितलं की तत्काळ बुकिंग उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या एकूण प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न बॉटचे असतात. म्हणजे गणपतीला कोकणात जायचं तिकीट काढताना आपण कोणाशी स्पर्धा करतोय ते कळलं. तत्काळकडे नंतर येतोच, कारण तिथे लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. आधी माउस.

### दोन शब्द क्लिअर करून घेऊ

लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड, जो आपण आपल्या प्रोग्राममध्ये बोलावून घेतो. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत पायऑटोगुई आहे, ब्राउझर चालवायला सेलेनियम, पपेटिअर, प्लेराइट आहेत, आणि पपेटिअरच्या जोडीला खास माणसासारख्या हालचालीसाठी घोस्ट-कर्सर नावाची छोटी लायब्ररी आहे.

दुसरा शब्द इव्हेंट. तुम्ही माउस हलवला की ब्राउझर त्या पानाला सारखा निरोप देत राहतो की आत्ता कर्सर आडवा इतक्यावर, उभा इतक्यावर, आणि वेळ ही. हा एकेक निरोप म्हणजे एक इव्हेंट. वेबसाइटला तुमचा हात दिसत नाही, तिला फक्त ही यादी दिसते, त्यामुळे पुढचा सगळा खेळ ही यादी खरी वाटते की नाही एवढाच आहे.

### साधा प्रोग्राम माउस कसा हलवतो?

हलवतच नाही, खरं सांगायचं तर. पायऑटोगुईला नुसतं 'त्या ठिकाणी जा' म्हटलं की कर्सर इथून गायब आणि तिथे हजर, मधला प्रवासच नाही. प्लेराइटमध्ये किती टप्प्यांत जायचं ते सांगता येतं पण नाही सांगितलं तर तोही एकाच टप्प्यात जातो. आता यादीकडे बघा: एक बिंदू इथला, पुढचा थेट ८०० पिक्सेल लांब बटणाच्या बरोब्बर मधोमध, आणि लगेच क्लिक. असा माणूस असतो का?

मग नवशिका काय करतो, तर तो प्रवास शंभर सारख्या तुकड्यांत तोडतो. कर्सर हलताना दिसायला लागतो खरा, पण पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ, प्रत्येक पाऊल तेवढंच, प्रत्येक पावलाला वेळही तेवढाच. हे पकडायला तर काही हुशारीच लागत नाही, पहिल्या आणि शेवटच्या पावलाचा वेग बघितला की झालं.

### आपला हात नेमकं करतो काय?

हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो, कारण यातल्या संशोधनाची सुरुवात माउसचा जन्म व्हायच्या आधीची आहे. १८९९ मध्ये रॉबर्ट वुडवर्थ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की नेम धरून केलेली हालचाल दोन भागांत होते. पहिला भाग जोरात, साधारण दिशेने, फारसं न बघता. दुसरा भाग हळू, डोळ्यांनी बघत, थोडं इकडे थोडं तिकडे करत. एसटीचा ड्रायव्हर गाडी कशी आणतो तसंच, हायवेला सुसाट, आणि स्टँडात शिरल्यावर फलाटाला लावताना कंडक्टरची शिट्टी ऐकत जरा मागे, जरा डावीकडे, बास बास.

पुढे १९५४ मध्ये पॉल फिट्स यांनी या वेळेचं गणित मांडलं. लोकांच्या हातात धातूची काडी दिली, समोर दोन पट्ट्या ठेवल्या आणि आळीपाळीने टकटक करायला लावलं. निष्कर्ष असा की लागणारा वेळ नुसत्या अंतरावर ठरत नाही, अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगवर ठरतो. घाबरू नका, उदाहरण घेऊ. बटण ८०० पिक्सेल लांब आहे आणि ४० पिक्सेल रुंद. अंतराची दुप्पट १६००, भागिले ४०, आले ४०. आता २ ला स्वतःने किती वेळा गुणलं की ४० येतात? साधारण ५.३ वेळा. ही झाली त्या क्लिकची 'अवघडता'. समजा एखाद्या माणसाला हात हलवायला सुरुवातीचे ०.१ सेकंद लागतात आणि अवघडतेच्या प्रत्येक पायरीला ०.१५ सेकंद, तर एकूण झाले साधारण ०.९ सेकंद. तेच बटण १६० पिक्सेल रुंद केलं तर ०.६ सेकंदात काम होतं. गंमत म्हणजे अंतर दुप्पट करा किंवा बटण निम्मं करा, वेळ सारखाच वाढतो, इथे ०.१५ सेकंद. १९७८ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या लोकांनी हेच माउसवर तपासलं आणि तिथेही गणित जुळलं.

आता हे ०.९ सेकंद आत कसे वाटले जातात? १९८५ मध्ये फ्लॅश आणि होगन या दोघांनी सांगितलं की आपला मेंदू हाताला कमीत कमी धक्के बसतील असा मार्ग निवडतो, म्हणजे वेग हळूहळू चढतो, मधोमध सगळ्यात जास्त होतो आणि हळूहळू उतरतो, आलेख काढला तर घंटेसारखा. त्यांच्या सूत्रात आपले ८०० पिक्सेल घालून बघा. पहिल्या एक दशांश वेळात कर्सर जेमतेम ७ पिक्सेल सरकतो. पाव वेळ झाला तेव्हा ८३ पिक्सेल. अर्ध्या वेळात ४००. पाऊण वेळात ७१७. म्हणजे मधल्या अर्ध्या वेळात सव्वासहाशेच्या वर पिक्सेल कापले गेले आणि दोन्ही टोकांना पाव-पाव वेळ घेऊन फक्त ८३-८३. सारख्या पावलांचा प्रोग्राम पाव वेळात सरळ २०० वर पोचलेला असतो, फरक डोळ्यांनी दिसतो. खऱ्या माउसवर घंटा अशी सुबक नसते, तिचं शेपूट लांबतं, कारण शेवटी ते फलाटाला लावण्याचं काम असतं.

शिवाय हात मनगटातून आणि कोपरातून फिरतो, त्यामुळे रेघ थोडी वाकते. वळणावर वेग कमी होतो, हेही १९८३ मध्ये मोजून ठेवलंय. आणि निरोगी माणसाचा हातसुद्धा सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा बारीक थरथरत असतो, आपल्याला ते जाणवत नाही एवढंच.

### मग लायब्ररी याची नक्कल कशी करते?

सगळ्यात जास्त चालणारी युक्ती बेझिए वक्राची. हे वक्र आले मोटारींच्या कारखान्यातून, १९६० च्या आसपास रेनॉमध्ये पिएर बेझिए आणि सित्रोएनमध्ये पॉल दी कास्टेल्जो हे गाडीच्या पत्र्याची वळणं गणितात बसवत होते. सुरुवात आणि शेवट असे दोन बिंदू पक्के, आणि मध्ये दोन अदृश्य बिंदू जे रेघेला आपल्याकडे ओढतात. हे मधले बिंदू दर वेळी थोडे वेगळीकडे टाकले की दर वेळी वेगळी, सुंदर, गोलसर वाट मिळते. घोस्ट-कर्सर हेच करतं, त्यात फिट्सचं गणित घालून किती टप्पे घ्यायचे ते ठरवतं, आणि लांबच्या उडीत मुद्दाम लक्ष्याच्या जरा पुढे जाऊन परत येतं.

इथे दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे बेझिएमुळे वाट सुधारते, वेग आपोआप सुधारत नाही. मधले दोन बिंदू एक तृतीयांश आणि दोन तृतीयांशाच्या आसपास पडले आणि त्या वक्रावरून सारख्या पावलांनी चाललं तर वेग जवळजवळ एकसारखाच राहतो, म्हणजे वाट माणसाची आणि चाल मशीनची. नेटवर 'ह्युमन माउस' म्हणून फिरणारा निम्मा कोड इथेच माती खातो असं माझं मत. दुसरी गोष्ट ते पुढे जाऊन परत येणं. बघायला फार माणसासारखं वाटतं, पण हालचालीवरच्या बऱ्याच प्रयोगांत उलट दिसतं, माणसाची पहिली झेप बहुतेक वेळा लक्ष्याच्या अलीकडेच पडते आणि मग उरलेलं अंतर छोट्या पावलाने भरून निघतं. का, तर पुढे गेल्यावर हात थांबवून उलटा फिरवायला जास्त कष्ट पडतात. माणूस जिथे आळशी असतो तिथे लायब्ररी उगाच उत्साही होते.

दुसरी युक्ती विंडमाउस, ही मला जास्त आवडते. रुनस्केप नावाच्या ऑनलाइन गेममध्ये तेच तेच काम करून घ्यायला लोक बॉट लिहायचे आणि पकडले जाऊ नये म्हणून त्या मंडळींत ही पद्धत रुजली. यात वाट आधी आखतच नाहीत. कर्सरवर दोन जोर लावतात, एक लक्ष्याकडे सतत ओढणारा, त्याला गुरुत्वाकर्षण म्हणायचं, आणि दुसरा दर क्षणी थोडा थोडा बदलणारा वारा. लक्ष्य जवळ आलं की वारा पडतो आणि वेगाला लगाम लागतो. नेहमीच्या कोडमध्ये गुरुत्वाकर्षण ९ आणि वारा ३ असे आकडे असतात, वारा वाढवला की कर्सर झिंगल्यासारखा जातो, शून्य केला की सरळ.

तिसरी युक्ती सगळ्यात साधी: खऱ्या माणसाच्या हालचाली रेकॉर्ड करायच्या आणि ताणून-फिरवून परत वाजवायच्या.

### नुसतं रँडम टाकलं की झालं ना?

हा प्रश्न हमखास येतो. प्रत्येक बिंदूला दोन पिक्सेल इकडे-तिकडे रँडम हलवलं की माणूस तयार, असं वाटतं. नाही होत, कारण माणसाची चूक रँडम असली तरी तिला शिस्त असते. १९९८ मध्ये हॅरिस आणि वोल्पर्ट यांनी मांडलं की स्नायूला जितका मोठा हुकूम तितकी त्यात गडबड जास्त, म्हणजे हात वेगात असताना जास्त चुकतो आणि हळू असताना कमी. शिवाय आत्ता हात जरा डावीकडे गेला असेल तर पुढच्या शतांश सेकंदातही तो डावीकडेच असणार, हाताला वजन आहे, तो टुणकन उजवीकडे उडत नाही. प्रत्येक बिंदूला वेगळा फासा टाकला की कर्सर करवतीच्या दात्यांसारखा जातो, आणि थांबायच्या वेळीही तेवढाच थडथडतो जेवढा धावताना.

### वेबसाइटला यातलं किती दिसतं?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा थोडं कमी आणि थोडं जास्त. कमी अशासाठी की साधा यूएसबी माउस सेकंदाला १२५ वेळा आपली जागा सांगतो, पण क्रोमसारखा ब्राउझर हे निरोप स्क्रीन ताजी होण्याच्या ठेक्यात गोळा करून देतो, म्हणजे बहुतेक स्क्रीनवर सेकंदाला ६०. आपल्या ०.९ सेकंदाच्या प्रवासात पानाला साधारण ५४ बिंदू मिळतात, मधले हवे असतील तर वेगळे मागता येतात.

जास्त अशासाठी की प्रत्येक इव्हेंटवर 'हा खरा की पानातल्याच स्क्रिप्टने बनवलेला' अशी खूण असते आणि स्क्रिप्टला ती बदलता येत नाही. पपेटिअर वगैरे ब्राउझरच्या आतूनच माउस हलवतात म्हणून ती खूण त्यांच्या बाबतीत खरी दाखवते, तिथे ते सुटतात. पण ब्राउझर ऑटोमेशनच्या मानकातच असं ठरलंय की प्रोग्रामने चालवलेल्या ब्राउझरने विचारल्यावर 'हो, मला प्रोग्राम चालवतोय' असं सांगायचं. लोक ते लपवतात, साइटवाले लपवलेलं शोधतात, चालू आहे.

### समजा सगळं परफेक्ट केलं, तरी पकडतील?

एक हालचाल बघून बहुतेक वेळा नाही पकडणार. अडचण पाचशेव्या हालचालीला येते. तुम्ही सकाळी फ्रेश असताना वेगळा क्लिक करता, जेवणानंतर वेगळा. वाचता वाचता माउस उगाच ओळींवरून फिरवता, मध्येच फोन येतो म्हणून कर्सर दोन मिनिटं तसाच पडून राहतो, चुकीचं बटण दाबायला जाता आणि मागे येता. लायब्ररीकडे यातलं काही नाही, तिच्याकडे एक सूत्र आहे आणि तिच्या पाचशे वाटा वेगवेगळ्या असल्या तरी त्यांचा विखुरलेपणा त्या सूत्राचाच असतो. रेकॉर्ड केलेल्या हालचालीचं तर विचारूच नका, तीच वाट दोनदा आली की संपलं.

आणि मुख्य म्हणजे माउस ही एकटी साक्ष कधीच नसते. कुठल्या आयपीवरून, म्हणजे नेटवरच्या कुठल्या पत्त्यावरून आलात, ब्राउझर कुठला, कुकीज, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा, जुन्या आहेत की आत्ताच जन्मल्यात, एकाच खात्यातून किती मागण्या येतायत, हे सगळं एकत्र तोललं जातं. 'मी रोबोट नाही' वाल्या गूगलच्या तपासणीच्या २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर टिक करायचा चौकोनही नाही, पाठीमागे गुपचूप ० ते १ मधले गुण दिले जातात आणि पुढे काय करायचं ते साइटवाला ठरवतो. सगळा खटला माउसवर जिंकू असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की बाकीचे पुरावे तसेच टेबलावर आहेत.

### आणि ते तत्काळचे बॉट? ते असंच करतात का?

हाच तो गैरसमज. तत्काळमध्ये खेळ वेगाचा आहे, एसी १० वाजता आणि नॉन-एसी ११ वाजता उघडलं की पहिल्या मिनिटात निकाल लागतो. माणसासारखा माउस हलवायचा म्हणजे प्रत्येक क्लिकला ते ०.९ सेकंद खर्च करायचे, मग बॉट कशाला हवाय? ज्याला घाई आहे त्याचा सरळ हिशोब म्हणजे फॉर्म स्क्रिप्टने एका झटक्यात भरायचा किंवा पान न उघडताच मागणी सर्व्हरला पाठवायची, माउसला हातच लावायचा नाही. म्हणून रेल्वेचे उपायही वेगळ्या दिशेचे आहेत. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार जोडलेलं खातं लागतं, १५ जुलैपासून त्यावर ओटीपी, एजंटांना पहिली ३० मिनिटं बंदी, आणि अडीच कोटींहून जास्त संशयास्पद आयडी बंद केले गेले. ओळखपत्र मागितलं की कर्सर किती गोड वळला याला काही किंमत राहत नाही.

अजून एक, असली तिकिटं काढून विकायचा धंदा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये हे कलम ई-तिकिटांनाही लागू होतं असं स्पष्ट केलंय. 'मी फक्त कोड लिहिला' हे तिथे सांगत बसायची वेळ आणू नका.

### ऑफिसचा हिरवा ठिपका टिकवायला चालेल का?

हसू नका, या लायब्ऱ्या शोधणाऱ्यांत हा गट लहान नाही, हिंजवडीतही आहे आणि बंगळुरूतही. कर्सर थोड्या थोड्या वेळाने हलवत ठेवायचा म्हणजे चॅटवर आपण 'उपलब्ध' दिसतो. जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने डझनभराहून जास्त लोकांना काढल्याची बातमी आली होती, कारण दिलं होतं कीबोर्ड चालू असल्याचं खोटं चित्र उभं करणं. इथे वक्र किती माणसासारखा आहे हा मुद्दाच नसतो. दोन तास माउस हलतोय पण एक क्लिक नाही, एक अक्षर टाइप नाही, एकही विंडो बदलली नाही, हे कोणालाही दिसतं. आता कामाचं मोजमाप माउसवर करणारे मॅनेजर थोर की त्यावर असली युक्ती काढणारे थोर, यावर मी काही बोलत नाही.

### ज्यांच्याकडे माउसच नाही त्यांचं काय?

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. आपल्याकडे बहुसंख्य लोक मोबाइलवरच नेट वापरतात, तिथे कर्सर नाही, बोट थेट बटणावर पडतं. अंध माणसं स्क्रीन रीडर आणि कीबोर्डवर सगळं करतात, त्यांच्या यादीत माउसचा एकही इव्हेंट नसतो. कोणाचा हात आजारामुळे थरथरतो. २०१८ मध्ये तर संशोधकांनी बिंग हे सर्च इंजिन वापरणाऱ्यांच्या कर्सरच्या हालचालींतून पार्किन्सनची चिन्हं ओळखता येतात का ते तपासलं होतं आणि निकाल आशादायक होते. म्हणजे तीच यादी डॉक्टरला उपयोगी आणि तीच तुमच्या तब्येतीची चुगली करणारी. त्यामुळे 'सरासरी माणसासारखा हलला नाही म्हणून रोबोट' असा नियम कोणी लावला तर पहिल्यांदा बाहेर पडतील ती ही माणसं, बॉटवाले नाहीत, त्यांच्याकडे लायब्ररी आहे.

### मग हे चांगल्या कामाला कुठे येतं?

टेस्टिंगमध्ये येतं. माउस वर नेल्यावर उघडणारा मेनू, ओढून सोडायच्या गोष्टी, नकाशा सरकवणं, हे सगळं उडी मारणाऱ्या कर्सरने नीट तपासलंच जात नाही, कारण मधले इव्हेंट येतच नाहीत आणि मेनू तिरक्या वाटेवर मध्येच बंद होतो ती चूक सापडत नाही. सॉफ्टवेअर शिकवायचे व्हिडिओ बनवणाऱ्यांना येतं, टेलिपोर्ट होणारा कर्सर बघताना प्रेक्षकाची नजर हरवते. आणि बॉट ओळखणाऱ्यांनाही येतं, त्यांना आपलं मॉडेल शिकवायला खोटे नमुने लागतातच.

करून बघायचं असेल तर पायथन आणि पायऑटोगुई पुरे. दुसऱ्याच्या साइटवर नको, पेंट उघडा. आधी स्वतःच्या हाताने चारपाच रेघा मारा आणि कर्सरची जागा दर शतांश सेकंदाला लिहून घेणारा छोटा प्रोग्राम सोबत चालू ठेवा. मग लायब्ररीला तीच रेघ मारायला सांगा, एकदा वेळ न देता, एकदा वेळ देऊन, एकदा सुरुवातीला-शेवटी हळू असा पर्याय देऊन. या शेवटच्या पर्यायातही वाट सरळच राहते, फक्त वेग बदलतो, हे आलेखात लगेच दिसेल. कर्सर हातातून निसटून वेड्यासारखा क्लिक करत सुटला तर घाबरू नका, माउस जोरात स्क्रीनच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात ढकला, पायऑटोगुई तिथे पोचल्यावर स्वतःच थांबतं. ही सोय बंद करायचा एक पर्याय आहे आणि बऱ्याच तयार कोडमध्ये पहिल्याच ओळीत तो बंद केलेला असतो, तेवढी ओळ आधी काढून टाका.